सुई वर थांबते तेव्हा

८ फेब्रुवारी

चि. खुडबुड्यास,

आशीर्वाद. खोक्यात जागा उरली तेवढेच घातले आहेत, बाकीचे घरी येशील तेव्हा घेऊन जा.

फोन करू नकोस. तीस वर्षं मोटरींच्या घरघरीत बसून माझे कान कामातून गेलेत. अर्धं ऐकू येतं, उरलेलं अर्धं मी मनाने भरते आणि मग उगाच भांडणं होतात. पार्सल जातं-येतं आहेच, त्यात एक कागद टाकायला काय जातंय!

शिलाई कारखान्याची चाळीस मशीन आता तुझ्या बोर्डावर चालतात. मालकांना माझं नाव तूच सुचवलंस. मोटरींत तारा मी भरल्या, मोटरी चालवणारे बोर्ड तुझे. परवा मुद्दाम बघायला गेले होते. बायकांनी पाय ठेवला की मोटर निघते, पाय उचलला की सुई बरोब्बर वर येऊन थांबते. जुन्या मोटरी दिवसभर नुसत्या गुरगुरायच्या, आता मशीन थांबलं की चिडीचूप. एकीने विचारलं, "हे तुमच्या पोराचं काम का?" म्हटलं, पोरगा बहिणीचा, पण तारेचे फेरे मोजायला माझ्या मांडीवर शिकला. जरा फुशारकी मारली. या वयात एवढी चालते.

आता कामाचं. तीन मोटरी जळाल्या. जळक्या तारा खोक्यात घातल्या आहेत, बघ. मोटरीत तारेचे तीन गट असतात, त्यांना मी लाल, पिवळी, निळी नळी घालते हे तुला माहीत आहेच. तिन्ही मोटरींत पिवळाच गट जळालाय. लाल आणि निळा नव्यासारखे. आणि तिन्ही वेळा वास सुटला तो दुपारी, जेवणाची सुट्टी संपता संपता. मी आणि आमची वार्निशवाली दोघी डोकं खाजवत बसलो. ती म्हणते, "ताई, पिवळ्यावर कुणाची तरी नजर आहे." अकरा वर्षं माझ्या मोटरी वार्निशात बुडवते, भट्टीत भाजते, पण हिची थट्टा काही सुटत नाही.

मालक म्हणतात वाइंडिंग कच्चं. मी मुकाट्याने तिन्ही परत भरून दिल्या. तू तुझ्या बाजूने जरा बघ, काही असलं तर.

तुझी मावशी


१५ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझे आशीर्वाद काजळीसकट मिळाले. खोकं उघडल्यावर सगळ्या प्रयोगशाळेत तुझ्या दुकानाचा वास पसरला आणि साहेब नाक मुरडून गेले. मला मात्र छान वाटलं.

तू फुशारकी मारलीस, आता मलाही मारू दे. बोर्डावर जी चिप बसवली आहे ती नखाएवढी आहे आणि एका कप चहाच्या पैशात येते. आमच्या धंद्यात अशा कामाला एरवी तिच्या दसपट महाग चिप लावतात. ही स्वस्तातली चिप सेकंदाला वीस हजार वेळा मोटरला विचारते, कुठे आहेस, किती करंट खातेस, आणि दर उत्तरावर पुढचा हुकूम सोडते. एवढ्या कमी ताकदीच्या चिपेवर हे बसवताना मी प्रोग्रामची एक एक ओळ तासून लिहिली आहे. साहेबांनी बैठकीत माझं नाव घेऊन सांगितलं, असं काम दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

म्हणून सांगतो, बोर्डात काही असण्याची शक्यता जवळजवळ नाही. इतक्या लांबून बोलतोय म्हणजे उंटावरून शेळ्या हाकतोय असं तुला वाटेल, पण विचार कर. पिवळा गट तू शेवटी घालतेस ना? मग तिथपर्यंत वार्निश पोचत नसेल. किंवा मोटरी भट्टीतून लवकर निघत असतील. वार्निशचं एकदा नीट बघ. माणसं सवयीने घाई करतात आणि त्यांच्या लक्षातही येत नाही.

काळजी करू नकोस. सापडेल.

तुझा खुडबुड्या


६ मार्च

चि. खुडबुड्यास,

आशीर्वाद.

आता आठ झाल्या. सगळ्या पिवळ्या.

वार्निशचं तू सांगितलंस ते केलं. वार्निश आता मीच करते, भट्टीत दुप्पट वेळ ठेवते. वार्निशवाली सध्या येत नाही. तरी काल एक जळलीच, आणि ती मीच बुडवलेली, मीच भाजलेली.

मग आज मी कारखान्यात सुट्टीच्या वेळी जाऊन बसले. बायका डबे घेऊन भिंतीकडे गेल्या. मशीन कुणी बंद करत नाही. बटण टेबलाखाली आहे, वाकावं लागतं, आणि सुई वर थांबलेली असते ती तशीच राहिली तर आल्या आल्या कापड सरकवता येतं. सगळं चिडीचूप. मी एका मोटरला हात लावला आणि चटकन काढला. दुसरीला लावला, तीही तशीच. खुडबुड्या, मोटर फिरत नव्हती रे. उभ्या उभ्या तापत होती.

माझ्या सगळ्या आयुष्यात मोटर कामाने जळलेली पाहिली. उभी राहून जळलेली एकही नाही. म्हणजे तारेच्या आतच काहीतरी कच्चं राहतंय आणि ते माझ्या हातून राहतंय. विचार केला तर पटतंही. पिवळा गट मी दिवसाच्या शेवटी घालते, तेव्हा बोटं थकलेली असतात. कुठेतरी तारेला नख लागत असेल, वरचा लेप खरवडला जात असेल. चष्म्याचा नंबरही वाढलाय.

मालक काल सगळ्या बायकांसमोर बोलले. मला फारसं ऐकू आलं नाही, हे एक बरं झालं.

मावशी


१९ मार्च

प्रिय मावशी,

कारखान्यात चाळीस बोर्ड पाठवले आहेत. नवी आवृत्ती आहे. जुने काढून हे बसवायला सांग. काही किरकोळ सुधारणा केल्या आहेत.

तुझ्या हाताबद्दल तू लिहिलंस ते मला पटत नाही. असं काही मनात आणू नकोस. चष्मा मात्र बदल.

खूप काम आहे, म्हणून थोडक्यात.

खुडबुड्या


२१ ऑगस्ट

चि. खुडबुड्यास,

आशीर्वाद. मधली तुझी दोन्ही पत्रं मिळाली. दोन्हींत हवापाणीच जास्त होतं, तेव्हा म्हटलं पोरगा कामात असेल, मोठा साहेब होत असेल.

मी उशिरा लिहिते आहे, कारण सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि जे घडलं ते सांगायला जीभ रेटत नव्हती.

मार्चअखेर मालकांनी माझ्याकडचं काम काढून घेतलं. पुलापलीकडे एक चष्मेवाला वाइंडर आहे, तरुण, नीटनेटका. दहा दहा करून चाळीसही मोटरी त्याने नव्याने भरल्या. तुझे नवे बोर्डही त्याच दिवसांत बसले. तेव्हापासून आजतागायत एकही मोटर जळलेली नाही. पाच महिने झाले. यावर आणखी काय बोलायचं? माझ्या होत्या तेव्हा जळत होत्या, त्याच्या आहेत तेव्हा जळत नाहीत. लहान मुलालाही उत्तर काढता येईल.

मालकांनी मला बोलावून हे समजावून सांगितलं. आरडाओरड केली असती तर मी दोन शब्द फिरवून दिले असते. पण त्यांनी बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि आजाऱ्याला सांगतात तसं सावकाश बोलले. मी लाजेने अर्धी झाले. म्हणाले, "बोर्ड एक नंबर होते हो, वाइंडिंगच गंडलं होतं." मी मान डोलावली. तुझ्या कामाला डाग लागला नाही एवढं एक समाधान आहे. तुझं नाव माझ्यापायी खराब झालं असतं तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

गावभर झालंय, मोटर भरायची तर पुलापलीकडे. येतं ते किरकोळ काम करते. गेल्या आठवड्यात एक पंख्याची मोटर भरली. चांगली झाली की नाही कळेना, म्हणून उसवली. परत भरली, परत उसवली. तिसऱ्यांदा भरताना हात थरथरला. आधी कधी थरथरत नव्हता.

तेव्हा आता पुरे. वाइंडिंगचं मशीन विकते आहे. गिऱ्हाईक बघून गेलं. दुकान झेरॉक्सवाला मागतोय, त्याला देईन. तुला आधी कळवावं म्हणून लिहिलं. वाईट वाटून घेऊ नकोस. हात गेला की वाइंडरने उठावं हे बरं. न उठणाऱ्यांना लोक उठवतात.

मावशी


२८ ऑगस्ट

प्रिय मावशी,

मशीन विकू नकोस. कारण आहे. ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, समोर बसून सांगतो. पुढच्या शनिवारी, म्हणजे सहाला, नक्की येतो. तोपर्यंत काहीही करू नकोस.

खुडबुड्या


९ सप्टेंबर

चि. खुडबुड्यास,

शनिवारी दिवसभर वाट पाहिली. दोनदा चहा टाकला, दोनदा मीच प्यायले.

कोपऱ्यावरचा किल्लीवाला सांगत होता, तुमच्या भाच्यासारखा कुणीतरी तासभर उभा होता आणि परत गेला. मी म्हटलं, तो नसेल. तो असता तर दारात पाय टाकायच्या आधी चहा मागितला असता.

गिऱ्हाईक रविवारी मशीन न्यायला येतंय. पत्रात लिहिण्यासारखं नसेल असं काय कारण असतं ते मला कळत नाही. मला बरं वाटावं म्हणून काही रचत असशील तर नको. मी लहान नाही.

मावशी


१२ सप्टेंबर

मावशी,

कोपऱ्यावर मीच होतो. किल्लीवाल्याला बरोबर दिसलं.

तुझा हात गेलेला नाही. मोटरी माझ्यामुळे जळल्या. हे वाक्य आधी लिहून टाकलं, नाहीतर हेही पत्र हवापाण्यावर गेलं असतं.

आता नीट सांगतो. सुई वर थांबल्यावर ती वरच राहावी म्हणून बोर्ड मोटरला धरून ठेवतो. धरायलाही करंट लागतो. मोटर फिरत असते तेव्हा करंट तिन्ही गटांत आळीपाळीने वाटला जातो, कुणा एकावर भार पडत नाही. थांबली की ज्या गटापाशी थांबली त्या एकट्यावर सगळा भार. सुई नेहमी एकाच जागी थांबते. म्हणून नेहमी पिवळाच. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, तेवढा वेळ पिवळा एकटा उभा राहून जळत होता. कुठलीही तार जळली असती. चष्मेवाल्याचीही जळली असती. त्याच्या मोटरी वाचल्या त्या त्याच आठवड्यात माझे नवे बोर्ड बसले म्हणून, त्याचा हात तुझ्यापेक्षा बरा आहे म्हणून नाही.

हे टाळायचं कसं ते मला माहीत होतं. एका सेकंदानंतर धरण्याचा जोर चौथ्या हिश्श्यावर आणायचा, बस. तेवढी ओळ मी लिहिलीही होती. मग मालक आमच्याकडे बोर्ड बघायला आले. त्यांनी थांबलेल्या मशीनचं चाक बोटाने ढकललं. चाक किंचित हललं, सुई केसभर खाली आली. ते म्हणाले, "ढिलं वाटतंय." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी तिथल्या तिथे त्या ओळीपुढे दोन तिरक्या रेघा मारल्या. अशा रेघा मारल्या की ती ओळ असून नसल्यासारखी होते. मालकांनी परत ढकललं, चाक जागचं हललं नाही. सगळे खूश. साहेबांनी पाठ थोपटली.

रेघा पुसायच्या राहून गेल्या असं मी स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. बोर्ड पाठवायच्या दिवशी मला आठवलं होतं. रेघा पुसल्या असत्या तर सगळ्या तपासण्या परत कराव्या लागल्या असत्या आणि मालकांनी पुन्हा ढिलं म्हटलं असतं. मी म्हटलं, बघू पुढे.

तू लिहिलंस, उभ्या उभ्या तापत होती. ते वाक्य वाचलं आणि त्याच क्षणी मला सगळं कळलं. मार्चमध्ये, मावशी. तू जळत्या मोटरला हात लावून मला माझी चूक सांगितलीस, आणि मी तुला लिहिलं, किरकोळ सुधारणा. वर चष्मा बदल म्हणालो. ती ओळ आठवली की अजूनही कानशिलं तापतात.

साहेबांना तेव्हा सांगितलं होतं. ते म्हणाले, नवी आवृत्ती पाठव, विषय संपला, कुणी विचारलंय का? कुणी विचारलं नव्हतं. पण साहेबांवर ढकलणार नाही. तुला पत्र लिहायला त्यांनी बंदी घातली नव्हती.

न सांगण्याचं खरं कारण सांगतो, हसू नकोस. इथे रोज कुणी ना कुणी माझ्या चुका काढतं, त्याचं मला काही वाटत नाही. पण तुझ्या लेखी मी कधी चुकलो नाही. सातवीत नापास झालो तेव्हाही तू म्हणालीस, पेपर तपासणाऱ्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. जगात असं एकच माणूस आहे आणि ते मला घालवायचं नव्हतं. म्हणून तुझा हात घालवला. मला वाटलं होतं, जळणं थांबलं की तूही विसरशील. तू विसरली नाहीस, तू स्वतःलाच दोषी धरलंस, आणि मी सहा महिने ते बघत राहिलो. तू लिहिलंस, तुझ्या कामाला डाग लागला नाही एवढं समाधान आहे. त्या दिवशी मी जेवलो नाही, पण पत्रही लिहिलं नाही.

शनिवारी दार उघडं होतं. तू बाकावर बसून एक भरलेली मोटर उसवत होतीस. इतक्या लांबूनही मला दिसत होतं की ती चांगली भरलेली आहे. मी तिथूनच मागे फिरलो. भित्रा आहे मी, दुसरं काय.

मालकांना याच टपालाने पत्र टाकलं आहे, सगळं लिहिलं आहे, सही माझी आहे. साहेब म्हणाले, तुझ्या जबाबदारीवर लिही. लिहिलं. तुझी माफी कशी मागायची ते मला येत नाही. मशीन विकू नकोस एवढंच.

भाचा


१८ सप्टेंबर

चि. खुडबुड्यास,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. मशीन रविवारी गेलं. चार जणांनी टेम्पोत चढवलं. तुला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिणार नाही, टेम्पो वळला तेव्हा मला रडू आलं.

पत्र वाचून आधी तुझ्या नावाने शिव्या दिल्या, मला स्वतःला ऐकू येतील इतक्या मोठ्याने. किल्लीवाला दुकान सोडून बघायला आला. मग तारेचं रीळ काढलं आणि एक गट हाताने भरला. मशीन घेण्याआधी बारा वर्षं मी हातानेच भरत होते, हे तुला माहीत नसेल. फेरे मोजले नाहीत, बोटांना कळतात. भरून झाल्यावर मोजले. बरोबर होते. हात थरथरला नाही.

तेव्हा दुकान झेरॉक्सवाल्याला देत नाही. एवढं तुझ्या पत्राने झालं, ते कबूल करते.

आता तुला चांगलं फैलावर घ्यायचं होतं. चार ओळी लिहिल्याही. मग पेन थांबलं, कारण मला तोंड नाही. का ते ऐक. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

फेब्रुवारीत तू लिहिलंस, वार्निशचं नीट बघ. मी बघितलं नाही. बघायचं तर एक मोटर मधोमध कापावी लागली असती, दुपार गेली असती. त्याच दिवशी मी आणि वार्निशवाली दुरुस्त मोटरी बसवायला कारखान्यात गेलो. मालक अंगावर आले. चाळीस बायका माना वळवून बघत होत्या. मी काय केलं? शेजारी उभ्या असलेल्या बाईकडे बोट केलं. म्हटलं, "मी भरते ते चोख असतं, हीच नीट भाजत नाही. अकरा वर्षं हिला सांगतेय." अकरा वर्षांत एकदाही सांगायची वेळ आली नव्हती रे. तिने हातातला पाना खाली ठेवला, हात पुसले आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. मी बोलवायला गेले नाही.

पुढे मी स्वतः भाजलेली मोटर जळली तेव्हाच मला कळलं की तिचा दोष नव्हता. म्हणजे तुला मार्चमध्ये पत्र लिहिलं तेव्हा मला ते पुरतं ठाऊक होतं. आणि मी लिहिलं काय, तर ती सध्या येत नाही. आपण होऊन सुट्टीवर गेल्यासारखं! चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, आणि संन्यासी होता हे कळल्यावरही दोर सोडला नाही. तू सहा महिने गप्प बसलास. मीही तेवढेच बसले. तुझी मावशी शोभते.

हात गेला म्हणून दुकान बंद करते, असं मी सगळ्यांना सांगत होते. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं हे, की तिचं स्टूल रोज समोर दिसायचं.

काल तिच्या घरी गेले. दोन गल्ल्या सोडून राहते. इतके दिवस मी तो रस्ताच टाळत होते, भाजीलाही लांबून जायचे. तिने दार उघडलं, बस म्हणाली. कारखान्यातून शर्ट घरी आणून बटणं लावायचं काम करते. शिलाईच्या मशीनवर घ्या म्हणून गेली होती, तर मालक म्हणाले, जिला मोटर भाजता येत नाही ती शिवणार काय! म्हणजे मी बोलले ते तिथे अजून चालू आहे.

मी तुझं पत्र तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. नंतर माझं सांगितलं. ती बटण लावत होती, हात थांबला नाही. मी म्हटलं, माझं चुकलं, तू परत ये. तिने दोरा दातांनी तोडला आणि माझ्या कानाशी येऊन, मला ऐकू यावं म्हणून, मोठ्याने म्हणाली, "ताई, तुम्ही हे इथे सांगताय. तेव्हा बोललात ते तिथे." आणि पुढचा शर्ट घेतला. मग मला चहा दिला, साखर बरोबर, अजून लक्षात आहे तिच्या.

तिचं म्हणणं खरं आहे. मालकांना तुझं पत्र मिळालंय. मी विचारलं तर म्हणाले, हो वाचलं, झालं गेलं, आणि खिशात घातलं. त्यांच्या खिशातलं पत्र चाळीस जणींना वाचता येत नाही. त्यांच्या लेखी माझा हात अजून गेलेलाच आहे आणि ती अजून कामचोरच आहे.

तेव्हा मंगळवारी ये. या वेळी कोपऱ्यावर थांबू नकोस, सरळ दारात ये, चहा पी आणि माझ्याबरोबर चल. जेवणाच्या सुट्टीत जायचं, तेव्हा सगळ्या एका जागी असतात. वार्निशवालीला मी सांगितलंय. येते म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. ती असो वा नसो, आपण बोलायचं. आधी मी बोलेन, कारण मी मोठी आहे आणि माझं जुनं आहे. मग तू मोटरीचं सांग. चिप-बिप मध्ये आणू नकोस, कुणाला घेणं नाही. रेघा मारल्या, आठवलं तरी पुसल्या नाहीत, मावशीवर येऊ दिलं, एवढं सांग.

रडारड नको आणि लांबण लावू नकोस. त्या बायकांना जेवायला अर्धाच तास मिळतो.

मावशी